दारूची निवड आणि मे महिन्याचं ऊन
मोठ्या बोअरच्या रायफलीला सर्वांत जहाल दारू हवी, हा समज चुकीचा. दारू निवडायची ती तिच्या जळण्याच्या वेगावरून आणि आपल्या हवामानात उन्हाचा हिशेब धरून. जॉन रिग्बी कंपनीने १८९८ साली .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आणलं. त्यात ४८० ग्रेनच्या गोळीमागे ७० ग्रेन कॉर्डाइट ही दारू असे (१५ ग्रेन म्हणजे जेमतेम १ ग्रॅम). पण तापलेलं कॉर्डाइट भराभर जळतं, दाब चढतो आणि फुगलेली पितळी पुंगळी चेंबरमध्ये अडकते. तीही समोर जखमी वाघ असताना! म्हणून उष्ण मुलुखांसाठी ‘ट्रॉपिकल’ भरणा कमी ठेवत. भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथल्या माणसाला हे वेगळं पटवायला नको.

मग दारू हवी तेवढी कमी करावी, असं कोणी म्हणेल. पण दुनळी रायफलीच्या नळ्या एका ठरावीक वेगासाठी जुळवलेल्या असतात. वेग बदलला की दोन गोळ्या दोन दिशांना जातात. शिवाय मोठ्या पुंगळीत थोडीच दारू असली, तर ती इकडेतिकडे सरकते आणि नीट पेटत नाही. उन्हाला कमी दाद देणाऱ्या आजच्या दारूंनी पहिली अडचण बरीच हलकी केली, दुसरी नाही. तिथे उत्पादकाचा तक्ताच प्रमाण; आणि परवान्याविना काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.