कारवानी कुत्रा इतका हडकुळा का दिसतो?

रामदासपेठेत कुणी कारवानी कुत्रा फिरवायला काढला, की प्रश्न ठरलेला : "याला खायला देत नाही का?"

खरं तर त्याची ठेवणच तशी असते. दख्खनचा हा शिकारी कुत्रा मुधोळ हाऊंड म्हणूनही ओळखला जातो. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावरही झळकला. तो वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. वेगात पळण्यासाठी छाती खोल, कंबर बारीक आणि पाय लांब. त्यामुळे निरोगी कुत्र्याच्याही शेवटच्या बरगड्या दिसतात. त्याला लठ्ठ करू नका. मात्र पाठीचे मणके आणि कंबरेची हाडंही वर आली असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

पाळताना हे लक्षात ठेवा :

• रस्त्यावर पट्टा सोडू नका. मांजर दिसली, की तो तुमची हाक ऐकणार नाही.
• जेवल्यावर लगेच पळवू नका. अशा खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो. ते जिवावर बेततं.
• नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटेच फिरवा. डांबराला हात लावून बघा. तुम्हाला चटका बसला, तर त्याचेही पंजे भाजतील.

रोज मोकळं पळायला कुंपणाची जागा नसेल, तर हा कुत्रा फ्लॅटमध्ये आणू नका.