वायफाय मोजणारी डबी

आमचे गाव केम. ते करमाळा तालुक्यात आहे. गावात कुंकवाचे कारखाने आहेत, रेल्वे स्टेशन आहे आणि श्री उत्तरेश्वराचे मंदिर आहे. हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या घरात एक डबी आहे, ती कोणाला माहीत नाही. म्हणून मी तिची माहिती लिहीत आहे.

माझे पप्पा मुंबईला कामाला असतात. रोज रात्री ते फोनवर तोंड दाखवतात. आज्जीचा पाय मोडल्यापासून ती मधल्या खोलीत खाटेवरच असते. तिथे वायफाय नीट येत नव्हते. पप्पांचे तोंड अर्धे उघडे राहायचे आणि आवाज बंद पडायचा. मग आज्जी म्हणायची, "आरं, बोल की रं!" आणि डोळे पुसायची.

दादा कॉलेजला जातो. त्याने साबणाच्या डबीत एक यंत्र बसवले. त्यात ईएसपी ८२६६ नावाची चिप आहे. ती चीन देशातील एस्प्रेसिफ कंपनीची आहे. चिप म्हणजे छोटा मेंदूच, आणि तिला वायफायची भाषा येते. तिला काडेपेटीपेक्षा लहान पडदा जोडला आहे. पडद्यावर आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके आहेत. मी गुणाकार केला, ८१९२ आले. जे ठिपके पेटतात त्यांची अक्षरे होतात. रांगोळीसारखेच आहे.

पडद्याला चारच तारा. दोन विजेच्या. तिसरीतून मजकूर जातो. चौथी ठेका धरते, कवायतीला बाई "एक दोन, एक दोन" म्हणतात तशी. या शेवटच्या दोन दादाने उलट्या लावल्या, म्हणून पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला. दादा माझ्यावरच ओरडला. मी तर हातसुद्धा लावला नव्हता.

आता पडद्यावर काय दिसते ते सांगतो. पहिल्या ओळीत वायफायचे नाव. दुसऱ्या ओळीत आयपी पत्ता. त्यात चार आकडे व मधे टिंबे असतात. आमचा १९२.१६८ असा सुरू होतो. एकही आकडा २५५ च्या वर जात नाही. पत्त्यावरून पोस्टमनला घर सापडते, तसे राऊटरला कोणता मजकूर कोणाला द्यायचा ते कळते.

तिसऱ्या ओळीत वायफायचा जोर दिसतो. तिथे माझी फजिती झाली. दाराजवळ ५५ दिसले आणि कोपऱ्यात ८८. मला वाटले, जास्त मार्क म्हणजे चांगले. मी आणि आईने आज्जीची खाट कोपऱ्यात सरकवली. त्या रात्री फोन लागलाच नाही. दादा म्हणाला, "येड्या, आकड्याच्या आधी आडवी रेघ हाय की!" ती रेघ म्हणजे उणे. बाईंनी फळ्यावर विहीर काढून दाखवली. शून्य म्हणजे काठ. ५५ पायऱ्या खाली असलेले पाणी जवळ, ८८ पायऱ्या खालचे लांब. आणि दर १० पायऱ्यांना जोर दहापट कमी होतो!

मग आम्ही डबी घेऊन घरभर फिरलो. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागे गेले की आकडा एकदम खाली जायचा. लोखंडी पत्रा वायफायच्या लहरी अडवतो. आणि आमचा राऊटर त्या कोठीच्याच मागे होता! दादाने तो काढून उंच फळीवर ठेवला. खाटेजवळ उणे ६२ आले.

रात्री पप्पांचे तोंड नीट हलले. आज्जी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वाळलास की रं."