फेरफाराच्या वाटेने

इंद्रायणीच्या एका तीरावर चऱ्होली बुद्रुक आणि दुसऱ्या तीरावर चऱ्होली खुर्द. पहिले गाव हवेली तालुक्यात, दुसरे खेड तालुक्यात. जमिनीच्या अभिलेखांची रचना जिल्हा, तालुका, गाव, गट आणि हिस्सा अशा उतरंडीची असल्यामुळे, जो तालुक्याच्या पायरीवरच वाट चुकला त्याने पुढे कितीही दप्तरे उलथीपालथी केली तरी त्याच्या हाती काही लागत नाही. बुद्रुकमधील एका मिळकतीच्या मालकीचा मागील 30 वर्षांचा शोध घेणाऱ्या वकीलबाईंच्या शेजारी बसून मी हे काम पाहिले, आणि शोधकाचे कौशल्य त्याने न उघडलेल्या दप्तरांवरून मोजावे, असे माझे मत झाले.

बाईंनी सातबारा समोर घेतला, पण नावे वाचण्याआधी त्यांनी नावांशेजारी वर्तुळात लिहिलेले फेरफारांचे क्रमांक टिपले. फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना सहा, गावापुरत्या अनुक्रमाने लिहिलेली असते. त्यामुळे क्रमांक हाती असला की मधली पाने न चाळता थेट त्या नोंदीवर जाता येते, आणि वारस, खरेदीखत, वाटणी की बोजा हे कारण कळताच तेथून मागच्या नोंदीचा धागा सापडतो. वाटणीचा एकच फेरफार अनेक गटांवर लागलेला असतो, म्हणून पाहिलेल्या प्रत्येक नोंदीचे टिपण त्या जवळ ठेवीत आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर वही मागवीत नसत.

संगणकातील माहितीच्या अशाच उतरंडीच्या विशाल कोठारांनाही हेच लागू पडते. मुळापासून निघून प्रत्येक फांदीवरचे प्रत्येक पान उचलणारी आज्ञावली कोठार वाढेल तशी मंदावते. सूची बांधणे, हवी तेवढीच पातळी मागवणे आणि एकदा आणलेले स्मृतीत राखणे, हे त्यावरचे उपाय. जॅकरॅबिट या कोठारप्रणालीत तर एका पालकाखाली दहा हजारांहून अधिक अपत्ये ठेवू नयेत, असा सल्ला दिला जातो. 1997 साली महापालिकेत गेलेल्या चऱ्होली बुद्रुकमध्येही गटागटांखाली हिस्से आणि सहहिस्सेदार वाढत गेले, हे त्या विस्ताराचेच रूप होय.

बाईंच्या शोधात खरी अडचण पुढे आली. वारसांचा एक प्रश्न एकत्रीकरणाच्या आधीच्या काळात जाऊन पोहोचला. 1947 च्या कायद्यान्वये जमिनींचे एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट झाले, म्हणजे जुनी उतरंड मोडून नवी उभी राहिली, आणि दोहोंना जोडणारा दुवा केवळ एकत्रीकरणाच्या तक्त्यात उरला.

“आधी तक्ता काढा,” बाई म्हणाल्या, “नावावरून शोधायला बसलात तर गाव सरणार नाही.”

परंतु हा तक्ता भूमी अभिलेख खात्याकडे आणि फेरफार महसूल खात्याकडे. एका प्रश्नासाठी दोन कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. उतारे आता घरबसल्या मिळतात, ही मोठीच सोय झाली. तथापि केवळ कागदांच्या प्रतिमा संगणकात चढवल्याने शोध वेगवान होत नाही. जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता नीट तपासून, गटाशी जोडून, उताऱ्यासोबतच खातेदाराच्या हाती द्यावा, अशी दोन्ही खात्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.