आईची खाट कुठे ठेवायची?

दिवस भरायच्या आत बाळंतपण झालं की नातेवाइकांना जाणाऱ्या फोनवर एक वाक्य हमखास असतं: "बाळाला पेटीत ठेवलंय." त्या वाक्यात काळजी असते आणि दिलासाही असतो. पेटी म्हणजे यंत्र, यंत्र म्हणजे सुरक्षितता. आई मात्र वरच्या मजल्यावर प्रसूतीच्या वॉर्डात पडून असते. सीझर झालं असेल तर टाके ओले, दूध यायला उशीर, आणि बाळाची खबर नवऱ्याच्या मोबाईलमधल्या फोटोपुरती. बाळ खाली, आई वर, आणि मधल्या जिन्यात वडील औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावताहेत. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगं आहे असं वाटतही नाही. पण गेल्या चाळीसेक वर्षांत कमी वजनाच्या बाळांवर जे संशोधन झालं, त्याचा रोख याच अंतरावर आहे. आई आणि बाळ यांच्यामधला तो जिना बाळाच्या जिवाला धोक्याचा आहे, असं आता आकड्यांनिशी सांगता येतं.

आधी ऊब म्हणजे काय ते पाहू. पोटातल्या ३७ अंशांच्या उबेतून बाळ एकदम बाहेरच्या हवेत येतं, तेही ओलं. अंगावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. थंड चादर, थंड वजनकाटा स्पर्शाने उष्णता ओढतात, पंख्याचा झोत ती उडवून नेतो, आणि जवळच्या गार भिंतीकडेही ती न शिवता निघून जाते. वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, म्हणजे उष्णता निसटायला वाटा पुष्कळ. पूर्ण दिवसांच्या बाळाजवळ यावर एक तोड असते: मानेभोवती, खांद्यांच्या मध्ये, मूत्रपिंडांजवळ साठलेली तपकिरी चरबी. नवजात बाळाला मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब तयार करता येत नाही. ते ही चरबी जाळतं. पण तिचा मोठा साठा शेवटच्या तिमाहीत होतो. सातव्या महिन्यात आलेल्या बाळाची ती शिदोरी जवळपास रिकामी असते, आणि त्वचा इतकी पातळ की तिच्यातूनच पाणी झिरपत राहतं.

अंग गार पडलं की बाळ ऊब टिकवण्यासाठी साखर आणि प्राणवायू खर्च करू लागतं. मुळात दोन्ही तुटपुंजे. रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो, जंतुसंसर्गाशी लढायला बळ उरत नाही. अमेरिकेतल्या नवजात विभागांमधल्या अतिकमी वजनाच्या बाळांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल होतानाचं तापमान एका अंशाने कमी असलं, तर मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. बाळाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांमध्ये असावं, ३६.५ च्या खाली गेलं की ते गारठलं असं धरतात. पाय हाताला गार लागले म्हणजे घसरण सुरू झाली आहे.

यावर यंत्राचा उपाय निघाला तो पॅरिसमध्ये. स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी करवून घेऊन १८८० मध्ये प्रसूतिगृहात आणली. तिने असंख्य जीव वाचवले, आजही वाचवते, आणि या लेखात तिच्याविरुद्ध एक शब्दही नाही. पण पेटीभोवती जो विभाग उभा राहिला त्यात आईसाठी जागा धरलीच गेली नाही. जंतुसंसर्गाच्या भीतीने तिला बाहेर ठेवलं गेलं, आणि पुढे भीतीची कारणं बदलली तरी दार बंदच राहिलं.

ते दार पहिल्यांदा उघडलं नाइलाजाने. कोलंबियाची राजधानी बोगोता, १९७८. इन्स्तितुतो मातेर्नो इन्फान्तिल हे गरीब बायकांचं मोठं सरकारी प्रसूतिगृह. पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. दिवसेंदिवस बाळाला हात न लागलेल्या काही आया बाळ तिथेच सोडून निघून जात. डॉ. एद्गार रेय सानाब्रिया यांनी कांगारूच्या अपुऱ्या वाढीच्या पिलाबद्दल वाचलं होतं. सुरुवातीच्या अडचणींतून सावरलेली बाळं त्यांनी आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, उभी बांधायला सुरुवात केली. आईचंच दूध, आणि वजन फारसं वाढायची वाट न पाहता घरी. मग नियमित तपासणी. पुढच्या वर्षी डॉ. एक्तोर मार्तिनेस त्यांच्यासोबत आले. युनिसेफने ही 'कांगारू पद्धत' जगभर पोचवली.

जगाने ती सरळ स्वीकारली नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. १९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये व्हाइटलॉ आणि स्लीथ यांनी बोगोताला जाऊन केलेली तपासणी छापून आली. त्यांचा आक्षेप नेमका होता: जगण्याचे जे आकडे सांगितले जातात त्यांत पहिल्या काही दिवसांत दगावलेली बाळं धरलेलीच नाहीत. जी बाळं तग धरून छातीपर्यंत पोचली, तेवढीच मोजली गेली. हा आक्षेप खोडून काढायला भावना उपयोगाच्या नव्हत्या, मोजमाप हवं होतं. ते काम बोगोतातच स्थायिक झालेल्या फ्रेंच बालरोगतज्ज्ञ नाताली शार्पाक यांनी केलं. १९९३ ते १९९६ या काळात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या सातशेहून अधिक बाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून त्यांनी दोन गटांची तुलना केली. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधलं, तेव्हा ४४१ जण अभ्यासात परत आले. मधल्या काळातले मृत्यू छातीवर वाढलेल्यांमध्ये ३.५ टक्के, दुसऱ्या गटात ७.७ टक्के. जन्मतः सर्वांत नाजूक असलेल्या मुलांमध्ये बुद्धीच्या वाढीवरचा चांगला परिणाम विशीतही टिकून होता. शाळा बुडवणं कमी, आक्रमकपणा आणि अतिचंचलता कमी. शार्पाक यांचं मत असं, की यात आईबापांच्या वागण्याचा मोठा वाटा आहे: ज्यांनी बाळ अंगावर वागवलं ते पुढेही मुलाशी जास्त जोडलेले राहिले.

मुंबईही यात मागे नव्हती. शीवच्या टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाला आईचं दूध मिळावं हा विचार तिच्यामागे होता, आणि पुढे कांगारू पद्धत मुंबईच्या गर्दीत जमते का हेही तपासलं गेलं. मुंबईच्याच केईएम रुग्णालयात दोन किलोखालच्या २०६ बाळांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आईच्या छातीवर राहिलेल्या बाळांचं वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅम वाढलं, दुसऱ्या गटाचं साडेपंधरा. गारठणं आणि साखर उतरणं, दोन्ही कमी. या महापालिकेच्या रुग्णालयांत येणाऱ्या बायका चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, घरी दोन-तीन मुलं टाकून आलेल्या. त्यांनी हे करून दाखवलं आहे.

तरीही एक अट सगळीकडे चिकटून राहिली होती: बाळ 'स्टेबल' झाल्यावर. म्हणजे आधी पेटी, सलाईन, प्राणवायू, आणि धोका टळला की मग आई. पण कमी वजनाची जी बाळं दगावतात त्यांतली पुष्कळशी याच पहिल्या दोन-तीन दिवसांत दगावतात. ऊब जेव्हा सर्वांत जास्त हवी तेव्हाच आई नाही. ही अट सगळ्यांनी पाळली असंही नाही. झिंबाब्वेतल्या मनामा मिशन रुग्णालयात १९८८ मध्ये नील्स बर्गमन यांच्याकडे पेट्याच नव्हत्या, म्हणून त्यांनी जन्मापासूनच बाळ आईच्या अंगावर दिलं. दीड किलोखालच्या बाळांचं जगण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं. पण तो आधी आणि नंतरचा हिशेब होता. समोरासमोर तुलना झाली नव्हती.

ती तुलना जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या अखेरीस सुरू केली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते १.८ किलोच्या आतली ३,२११ बाळं. एका गटात जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर, दुसऱ्यात प्रचलित पद्धतीने, म्हणजे बाळ सावरल्यावर. पहिल्या गटात हा स्पर्श सुरू व्हायला साधारण सव्वा तास लागला, दुसऱ्यात दोन दिवसांहून जास्त. अतिदक्षता विभागात असताना पहिला गट दिवसाला जवळपास १७ तास छातीवर होता, दुसरा दीड तास. २८ दिवसांत मृत्यू पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के. म्हणजे साधारण २७ बाळांना अशी ऊब दिली की एक जास्तीचं बाळ वाचतं. चाचणी ४,२०० बाळांवर करायची ठरली होती, पण जानेवारी २०२० मध्ये देखरेख समितीने ती थांबवली. फायदा इतका स्पष्ट दिसत असताना निम्म्या बाळांना आईपासून दूर ठेवणं तिला मान्य नव्हतं. २०२२ मध्ये संघटनेने शिफारस बदलली. दिवसाला ८ ते २४ तास, आणि जितक्या लवकर तितकं. बाळ स्वतः श्वास घेऊ शकत नसेल, शॉकमध्ये असेल किंवा त्याला व्हेंटिलेटर लागत असेल, तरच थांबायचं.

या चाचणीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आकड्यांच्या पलीकडची आहे. १७ तास छातीवर ठेवायचं तर आई तिथे हवी, रात्रीसुद्धा. म्हणून सफदरजंगमध्ये नवजात अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा आल्या. बाळाच्या शेजारी आईची खाट. तिचे टाके तिथेच पाहायचे, रक्तदाब तिथेच मोजायचा, औषधं तिथेच. यासाठी प्रसूती आणि बालरोग या दोन विभागांना एका छपराखाली काम करावं लागलं. आई कुणाची पेशंट, तिच्या नोंदी कुणी ठेवायच्या, रात्री तिला रक्तस्राव झाला तर धावायचं कुणी, अशा प्रश्नांची उत्तरं शोधावी लागली. आयांमुळे संसर्ग वाढेल ही जुनी भीती होतीच. प्रत्यक्षात संसर्गाचा संशय आलेली बाळं या गटात २२.९ टक्के आणि दुसऱ्यात २७.८ टक्के निघाली. बाळ आईच्या अंगावरचे जंतू घेतं, दहा जणांच्या हातांवरचे नाही.

म्हणूनच 'कांगारू पद्धत म्हणजे फुकटचा उपाय' असं कुणी म्हटलं की मी अस्वस्थ होते. यंत्राची वीज वाचते, पण तिथे आईचे १७ तास लागतात. ओल्या बाळंतिणीने दिवसभर अर्धवट टेकून, छातीवर दीड किलोचा जीव बांधून बसायचं, तर तिला मागे रेलता येईल अशी खाट हवी, वेळेवर गरम जेवण हवं, जवळ स्वच्छ संडास हवा, आणि ती उठेल तेव्हा बाळ घ्यायला दुसरी छाती हवी. मोलमजुरी करणाऱ्या घरात हे तास म्हणजे बुडालेला रोज. घरी ठेवलेल्या थोरल्या मुलाला कोण पाहणार हा प्रश्न आहेच. हा खर्च आजवर रुग्णालयाच्या कुठल्याच हिशेबात धरला गेला नाही, कारण तो बाई सोसत होती.

दुसऱ्या छातीचा प्रश्न आपल्या घरांत अवघड असतो, आणि तो सुटतोही. वडिलांची छाती चालते, आजीची चालते, मावशीची, आत्याची चालते. पहिला विरोध बहुधा आजीकडूनच होतो: "अगं, एवढ्याशा जिवाला उघडं काय ठेवतेस? दुपट्यात गुंडाळ." तिचं म्हणणं चुकीचं नाही, अर्धं आहे. दुपटं, टोपरं, कुंची ही सगळी असलेली ऊब धरून ठेवतात. ज्या बाळाला ऊब तयारच करता येत नाही, त्याला दुपट्यात गुंडाळलं तरी ते आतल्या आत गार पडतं. त्याला बाहेरून ऊब पुरवणारं अंग लागतं. टोपरं, पायमोजे, लंगोट एवढंच बाळाच्या अंगावर, पोट आईच्या पोटाला, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून कापडाची पट्टी आणि मग आजीची गोधडी. हे समजावून सांगितलं आणि एकदा तिच्याच अंगावर बाळ दिलं, की आजी पुढची राखणदार होते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची आपली जुनी पद्धत होती. खोलीत ऊब हवी हे त्या बायकांना ठाऊक होतं, फक्त धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. जन्मल्या जन्मल्या आंघोळ मात्र टाळायलाच हवी. कमी वजनाच्या बाळाला तर डॉक्टर सांगेपर्यंत नाही.

रुग्णालयाबाहेर हे जमतं का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला उबेत ठेवणं हा त्या शिकवणीचा एक भाग होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि घरोघरी जाऊन बाळ वाचवता येतं हे जगाने मान्य केलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी ज्या फेऱ्या मारतात, त्याचं मूळ तिथे आहे. पुढे हरियाणातल्या फरिदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत दीड ते सव्वादोन किलोच्या ८,४०२ बाळांवर चाचणी झाली. एका गटाच्या घरी जाऊन आईला कांगारू पद्धत शिकवली गेली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. घरी जाऊन पाहणारं, शंका सोडवणारं कुणी असलं की एका खोलीच्या घरातही हे जमतं.

भारतात दरवर्षी ३० लाखांच्या आसपास बाळं दिवस भरायच्या आत जन्मतात, जगात सर्वाधिक. केंद्र सरकारने कांगारू पद्धतीच्या सूचना २०१४ मध्ये काढल्या, २०१७ मध्ये घरच्यांना नवजात विभागात सामील करून घ्यायच्या सूचना आल्या, आणि आता आई-बाळाचा एकत्र विभाग, म्हणजे एमएनसीयू, ही कल्पना सरकारी व्यवस्थेत शिरते आहे. जिल्हा रुग्णालयात नवजात विभाग मंजूर होतो तेव्हा वॉर्मर किती, फोटोथेरपीची यंत्रं किती, सिस्टर किती, याची यादी होते. तिच्यात प्रत्येक बाळामागे आईची एक खाट, एक जेवण आणि एका सोबतिणीला आत येण्याचा पास या तीन ओळी घातल्या पाहिजेत. खासगी रुग्णालयात बाळ 'आत' असेल तर घरच्यांनीही विचारावं: बाळ छातीवर कधी देणार, किती तास देणार, रात्री आईला शेजारी राहता येईल का? 'अजून स्टेबल नाही' असं उत्तर आलं तर त्याचं नेमकं कारण विचारायचा हक्क आईबापांना आहे. व्हेंटिलेटर असेल तर ते कारण आहे. नाकात प्राणवायूची नळी आहे, तोंडातून दुधाची बारीक नळी घातली आहे, किंवा बाराशे ग्रॅमच वजन आहे, ही कारणं नाहीत. सफदरजंगमध्ये तेवढ्याच वजनाची, नळ्या लावलेली बाळं आईच्या अंगावर होती.