गाडी बघण्याचा कार्यक्रम

"मावशी, उद्या लवकर आवर हं. गाडी बघायला जायचंय," भाची म्हणाली आणि मला हसूच आलं. आमच्या कराडकडे 'बघायला जायचंय' म्हटलं की कांदेपोहे आणि खाली मान घालून बसलेली मुलगी, एवढंच डोळ्यांपुढे येतं. इथे मुलगीच निघाली होती बघायला, आणि बघायचं स्थळ होतं एक्कावन्न वर्षांचं!

ही गोष्ट २०२३ च्या जूनमधली. मी ताईकडे इंग्लंडला गेले होते. ताई आणि दाजी गेली तीस वर्षं ऑक्सफर्डच्या बाजूला राहतात. तिथून जवळच ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. एमजीच्या उघड्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्या याच गावात तयार व्हायच्या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. आपल्याकडे २०१९ पासून रस्त्यावर दिसणाऱ्या हेक्टरवर हेच नाव आहे. आता ती कंपनी चिनी मालकीची, पण नाव मूळचं ऑक्सफर्डातलं. यातली 'एमजीबी' १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. दाजी तिथे नवीन होते तेव्हा त्यांचे वरिष्ठ डॉक्टर अशाच गाडीतून यायचे. ते बघून दाजींच्या मनात जे बसलं ते बसलंच. लेक कमावती झाल्यावर तिच्याही मनात उतरलं.

ताईचा मात्र साफ विरोध. "डोक्यावर छप्पर नसलेली गाडी, तीही पन्नास वर्षांची. घर घ्यायला साठवलेल्या पैशातून काढणार म्हणे!" पैसे भाचीचे स्वतःचे होते. सहा वर्षांच्या नोकरीतून तिने या हौसेसाठी साडेसात हजार पौंड बाजूला काढले होते. तेव्हाच्या हिशोबाने साडेसात लाखांच्या पुढे. ताई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तू जा बरोबर. ही दोघं बापलेक हुरळून जातील. तू तरी जरा भानावर ठेव."

मी काय भानावर ठेवणार? मला गाडीतलं काही कळत नाही, असंच मी वर्षानुवर्षं म्हणत आले. २०१९ च्या पुरानंतर पुढच्याच वर्षी आम्ही एक जुनी गाडी घेतली, तेव्हाही मी कोपऱ्यात पर्स धरून उभी होते. आत बसल्याबरोबर मला ओल्या गोणपाटासारखा वास आला होता. पण पुरुषमाणसं मायलेजवर बोलत होती, म्हटलं आपण कशाला मधे बोला! चार महिन्यांनी वायरिंगने दगा दिला. मेकॅनिकने सीटखालचं कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ. गाडी पाण्यात बुडून वर आलेली होती. विकणाऱ्याने हात झटकले. पैसे गेले ते गेलेच, पण मला तो वास आला होता आणि मी बोलले नव्हते, ही रुखरुख अजून आहे.

तर, पहिली गाडी. १९७२ ची, लालभडक, क्रोमचे बंपर आरशासारखे. मालक मोठा बोलका माणूस. गाडी अंगणात उभी करून ठेवलेली आणि ऊन नेमकं तिच्यावर. दाजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं, झालं, सुपारी फुटली!

भाचीने मात्र आधी बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट कोमट होतं. मला मराठीत म्हणाली, "मी काल फोनवर सांगितलं होतं, इंजिन थंड ठेवा." जुनं इंजिन थंड असताना सुरू करायला किती नखरे करतं, सुरू होताना किती धूर सोडतं, ते बघायचं असतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आधीच तापवून ठेवलेली गाडी त्यातलं काही दाखवत नाही.

मग तिने खिशातून काय काढलं असेल? मी कराडहून ताईच्या फ्रिजवर लावायला नेलेला गणपती! मागे चुंबक असलेला. रंगाला चरा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळून आणला होता. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जो लांब पत्रा असतो, त्याला तिथे 'सिल' म्हणतात. बंद गाडीला छपराचा आधार असतो. या गाडीला छप्पर कापडाचं आणि खाली वेगळी चासीही नाही, त्यामुळे सगळा भार मुख्यतः या दोन सिलवर. ते आतून गंजले की गाडी मधोमध वाकायला लागते. भाची ओल्या खडीवर गुडघे टेकून बसली आणि गणपती पुढच्या चाकाकडून मागे सरकवत नेला. सुरुवातीला चिकटत होता. दाराच्या मध्याशी आला आणि पटकन सुटून खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पत्र्याला चुंबक धरतं, लांबीला धरत नाही. म्हणजे तिथे पत्रा नव्हताच. लांबी भरून, घासून वर लाल रंग मारलेला!

मालक दाजींना म्हणाला, "जुन्या गाडीला एवढं तेवढं असतंच." गंमत बघा, गाडी घेणारी समोर गुडघ्यावर बसली होती, प्रश्न ती विचारत होती, आणि उत्तरं मात्र दाजींना मिळत होती. हे काही फक्त आपल्याकडेच नाही तर.

मग भाची दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट बघू लागली. फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. इथे खाली करंगळी जात होती आणि वर नखसुद्धा जाईना. गाडी कमरेत बसली होती. सिलच्या तळाशी किल्ल्याच्या तटासारख्या खाचांची एक पट्टी असते, नावच 'कॅसल रेल'. बॅटरी लावून तिने वाकून बघितलं, तर खाचा कुठे दिसेनात. जुन्या कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा डकवून सगळं बुजवून टाकलं होतं.

एवढ्यात मी दार उघडून आत डोकावले. आत लिंबाच्या सुगंधाचा नुसता भपकारा. नवंकोरं कार्पेट. माझ्या पोटात एकदम आमच्या गाडीची आठवण ढवळून आली. या वेळी मी पर्स खाली ठेवली आणि कार्पेटचं टोक उचललं. खाली डांबरासारखा काळा, ताजा लेप. बोटाला चिकटला. मी भाचीला हाक मारली, "अगं, हे बघ." तिने फक्त मान हलवली.

खरं तर तिला आदल्या रात्रीच शंका होती. तिकडे गाड्यांची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर टाकला की सरकारच्या साइटवर जुन्या तपासण्यांचे शेरे फुकट वाचता येतात. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना मे २०१८ पासून ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही, मात्र गाडीत मोठा फेरफार केलेला नसावा. या गाडीची शेवटची नोंद २०१७ ची, आणि शेरा होता सिलच्या गंजाचा. त्यानंतर तपासणी नाही, नवा रंग तेवढा आला.

भाचीने मालकाचे आभार मानले आणि नको म्हणून सांगितलं. दाजी म्हणाले, "अगं, थोडे कमी करतील ते. दुरुस्त करून घेऊ." ती म्हणाली, "बाबा, इंजिनाचं काम असतं तर घेतली असती. याचं इंजिन साधं आहे, पार्ट अजून मिळतात. पत्र्याचं काम मात्र गाडीच्या किमतीएवढं जाईल." ते खरंच आहे. एमजीबीचं अख्खं नवं बॉडीचं कवचसुद्धा १९८८ पासून तिकडे बनवून विकलं जातं, इतकी ही गंजाची तक्रार जुनी.

परतीच्या वाटेवर दाजी एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवलेही नीट नाहीत. ताईला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तीच म्हणाली, "दुसरी नाही का कुठे?"

दुसरी आठ दिवसांनी सापडली. १९७८ ची, निळी, रंग उन्हाने विटलेला. बंपर काळे, रबरी. अमेरिकेच्या सुरक्षेच्या नियमांमुळे १९७४ च्या अखेरीपासून एमजीबीला असे बंपर आले आणि गाडी थोडी उंचही केली गेली. शौकिनांना ते आवडत नाहीत, म्हणून या गाड्या स्वस्त मिळतात. दाजी "म्हशीच्या ओठांसारखे दिसतात" म्हणाले. या वेळी ताईही आली होती, 'नुसती बघायला'.

विकणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या. दोन वर्षांपूर्वी पती वारले. बॉनेट गार होतं. गणपती या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटून राहिला. दारांची फट सारखी. जॅक लावून एक बाजू उचलली तरी फट बदलली नाही, दार सहज उघडलं, मिटलं. कार्पेट जुनं, उसवलेलं, आणि खाली कोरडा पत्रा. एका कोपऱ्यात थोडा वरवरचा गंज, झाकलेला नाही.

आजींनी आधी चहा दिला, मग गाडीचे दोष स्वतःच सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की कधी कधी गिअर सुटतो. पावसात डाव्या बाजूने पाणी येतं. तारांच्या चाकांपैकी मागची दोन सैल झालीत. ही चाकं दात्यांवर बसतात. दाते झिजले की चाक हबवर खेळतं, ब्रेक दाबला की टक् आवाज येतो, आणि मग चाक आणि हब दोन्ही बदलावी लागतात.

मग त्यांनी एक जाडजूड फाइल आणि वही आणली. पावत्या तारीखवार लावलेल्या. सक्ती नसतानाही २०१८ नंतर दरवर्षी तपासणी करून घेतलेली. वहीत पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस भरल्याच्या नोंदी, दर तीन हजार मैलांना. ते चुकवलं की त्या झिजून जाम होतात. ताई चष्मा लावून एकेक पान उलटत होती. एका ठिकाणी थांबली. अक्षर बदललं होतं. शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी आजींच्या हातच्या होत्या. दर रविवारी गाडी बाहेर काढून फिरवून आणायची, उभी राहून खराब होऊ नये म्हणून. ग्रीसही त्याच भरायच्या. "त्यांना शेवटी वाकता येत नव्हतं, मग ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि मी भरायचे," आजी म्हणाल्या. ताईने वही मिटली नाही, तशीच मांडीवर धरून बसली.

भाचीने एका दिवसाचा विमा आधीच काढला होता. आजी तिच्या शेजारी बसल्या आणि दोघी चक्कर मारून आल्या. इंजिन गरम झाल्यावर पळत्या गाडीत ऑइलच्या दाबाचा काटा पन्नासच्या वर होता आणि बटण दाबल्याबरोबर ओव्हरड्राइव्ह लागला. गरम गाडी बंद करून भाचीने पुन्हा चालू करून बघितली. थंड असताना ऑइल भरायच्या झाकणाखालीही बघून घेतलं होतं. तिथे सायीसारखा पांढरा थर जमला असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याचा संशय घ्यायचा. अर्थात थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीलाही थोडा थर येतो, म्हणून नुसत्या त्यावरून भिऊन जायचं नाही, असंही तिने सांगितलं.

किंमत सहा हजार आठशे. मी माझ्या मंडईतल्या सवयीने भाचीला कोपर मारलं, "एक हजार कमी सांग." तिने ऐकलं नाही. दोन चाकं आणि हब यांचा खर्च कागदावर मांडला आणि चारशे कमी करता का विचारलं. आजी तीनशेवर आल्या. गाडीच्या कागदावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघितला, तेव्हा कुठे पैसे दिले.

कराडला परतल्यावर आमच्या बचत गटातल्या एकीने सांगितलं, मुलासाठी जुना टेम्पो घेतोय, हप्ते तीच भरणार. मी विचारलं, "तू बघितलास का?" तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" मी तिच्याबरोबर गेले, पर्समध्ये चुंबक घेऊन. चासी नंबर आरसीशी जुळवला. आरसीवर कर्जाचा बोजा दिसला, तेव्हा बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत बयाणा द्यायचा नाही असं ठरलं. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० तिने स्वतः वाचून मग सह्या केल्या. टेम्पोवाला तिच्या मुलाशीच बोलत होता. तिने त्याला दोनदा सांगितलं, "हिकडं बोला, पैसं माझं हायती."

आणि ताई? परवा व्हिडिओ कॉलवर मागे भिंतीवर कालनिर्णय दिसत होतं. संकष्टीच्या चौकटीखाली तिच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. मी म्हटलं, कॅमेरा जरा जवळ ने. वाचलं तर, 'ग्रीस. पुढची दोन्ही चाकं.'