मोटारखरेदी आणि सराफ्याची रीत

सराफ्यात पाटल्या करावयास गेलेल्या आपल्या आज्या ‘एकूण किती?’ असे आधी कधीच विचारीत नसत. सोन्याचा भाव वेगळा, वजन वेगळे, घडणावळ वेगळी, बेरीज मागाहून. मोटार घेणाऱ्याने हीच रीत पाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या पाडव्याच्या आधी पुतण्याबरोबर मी चार शोरूम हिंडलो. वहिनींचे गुडघे गेले आहेत. रामबागेतून दवाखान्यापर्यंत रिक्षात चढणे-उतरणे त्यांना जमेना, म्हणून गाडी. शिल्लक पैसा मात्र नातीच्या कॉलेजसाठी राखलेला. तेव्हा सहा लाखांवर कर्ज काढायचे नाही, असे घरीच कागदावर लिहून आम्ही बाहेर पडलो.

चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच : “महिना किती हप्ता झेपेल?” गोम इथेच आहे. दरसाल ९ टक्क्यांनी सहा लाखांचा हप्ता पाच वर्षांत फेडायचा तर सुमारे १२,४५५ रुपये, सात वर्षांत ९,६५३. दरमहा अठ्ठावीसशे वाचल्यासारखे वाटतात. पण व्याज १,४७,००० वरून जवळजवळ २,११,००० वर जाते. हे मी पेन्सिलीने तिथेच मांडले. विक्रेता तरुण भला होता. त्याने चहा मागवला आणि हप्त्याचा विषय सोडला.

मग सराफ्याची रीत. शोरूमची किंमत (वस्तू व सेवा कर यातच असतो), राज्याचा आजीवन रस्ताकर, नोंदणी, विमा आणि वरचे सामान, असे आकडे वेगवेगळे लिहून मागितले. तिसऱ्या पक्षाचा तीन वर्षांचा विमा नव्या गाडीला २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेर दर विचारल्याचे कळताच आतला दर उतरला. जुन्या गाडीवर दावा न केल्याची सवलत असेल तर ती मालकाची असते, गाडीची नव्हे. ती नव्या विम्यावर मागून घ्यावी. रंगावरचे लेप आणि चकचकीत पट्ट्या आम्ही सरळ खोडल्या.

करात मात्र दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, उपकरही गेला. लहान म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीची आणि पेट्रोलची असल्यास १२०० सी.सी.पर्यंतची. (यशवंतराव होळकरांची १९३५ सालची ड्यूसेनबर्ग यात कुठली बसायला! त्यांच्या माणिकबागेत पुढे कचेरी आली ती केंद्रीय करखात्याचीच.)

पुतण्याचे मन एका उंच, रुबाबदार गाडीवर बसले होते. वहिनी आत शिरताना दाराला धरून थांबल्या. “भाऊजी, पायच उचलत नाही हो इतका.” तो बिचारा काही बोलला नाही. शेजारची बुटकी गाडी आम्ही जेल रोडच्या गर्दीतून फिरवून आणली. वहिनी दोनदा विनाआधार उतरल्या.

ती गाडी आदल्या डिसेंबरात बनलेली निघाली. नोंदणीपुस्तकात बनावटीचा महिना आणि वर्ष छापले जाते, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच वर्ष धरते. तेवढे दाखवताच किंमत आणखी खाली आली. नव्या वर्षाची हवी तर पाडवा टळणार होता. वहिनी म्हणाल्या, “मला मुहूर्त नको, सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय.”