दगडाची चव : तीन फ्रेंच वाइन आणि एक शब्द

फ्रान्सच्या उत्तर व पश्चिम भागांत तयार होणाऱ्या शाब्ली, सांसेर व म्यूस्कादे या पांढऱ्या वाइन त्यांच्या हलकेपणासाठी आणि जिभेला तरतरी आणणाऱ्या आम्लतेसाठी प्रसिद्ध आहेत. तिन्हींची द्राक्षे भिन्न आहेत : शाब्लीचे शार्दोने, सांसेरचे सोव्हिन्यों ब्लां आणि म्यूस्कादेचे मलों द बुर्गोन्य. तरीही तिन्हींच्या वर्णनात ‘मिनेरालिते’, म्हणजे खनिजता, हा एकच शब्द वारंवार योजला जातो. ओला दगड, खडू, चकमकीची ठिणगी, समुद्रकाठचे शिंपले ही त्याच्याभोवतीची नित्याची उपमाने होत. हा शब्द चवीचे केवळ वर्णन करतो की तिचे कारणही सांगतो, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. तो निव्वळ रसिकांच्या कुतूहलाचा नव्हे. यांपैकी शाब्ली व सांसेर ही नावे स्थानावरून पडलेली आहेत. त्या नावांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि मालाची किंमतही बऱ्याच अंशी नावावरच ठरते.

भूमी आणि चव यांचा संबंध फ्रेंच भाषेत ‘तेरवार’ या शब्दाने सांगितला जातो. माती, उतार, हवामान आणि तेथील रूढ कृती या सर्वांचा त्यात समावेश होतो. बुर्गोन्य प्रांतात ‘क्लिमा’ या शब्दाचा अर्थ तर आणखी संकोच पावला आहे. सामान्य फ्रेंचमध्ये तो हवामानाचा वाचक आहे. द्राक्षमळ्यांच्या बोलीत मात्र सीमा ठरलेला, स्वतंत्र नाव असलेला जमिनीचा तुकडा असा त्याचा अर्थ होतो. शाब्ली गावासमोर, सेरँ नदीच्या उजव्या तीरावरील नैर्ऋत्याभिमुख उतारावर असे सात क्लिमा सर्वोच्च श्रेणीचे मानले जातात. तेथील जमीन किमरिजियन कालखंडातील चुनखडी व चिकणमाती यांच्या थरांची असून तीत लहान कालवांचे असंख्य जीवाश्म सापडतात. शाब्ली कालवांबरोबर प्याली जाते. तेव्हा ग्लासातील समुद्राची आठवण आणि मुळांखालचे शिंपले यांची सांगड घातली जाणे स्वाभाविकच होते.

परंतु ही सांगड भूविज्ञानास मान्य नाही. वेलीची मुळे खडक शोषून घेत नाहीत. पाण्यात विरघळलेले पोषक आयन तेवढे घेतात. खडकातील खनिजे बहुतांशी पाण्यात न विरघळणारी, म्हणून गंधहीन व चवहीन असतात. ॲलेक्स माल्टमन या भूवैज्ञानिकाने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मुद्द्यांची सविस्तर चर्चा केली आहे. ओल्या दगडाचा म्हणून जो वास आपणांस परिचित आहे, तोही दगडाचा नसतो. त्याच्या पृष्ठभागावर साचलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा असतो. पहिल्या पावसानंतरच्या ज्या सुगंधाला मराठीत मृद्गंध म्हणतात, त्याची मीमांसा बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ साली केली, तेव्हा त्यांनाही तो मूळ खडकाचा गुण नसल्याचेच आढळले होते.

याचा अर्थ भूमी निष्प्रभ आहे असा मात्र नव्हे. तिचे कार्य निराळ्या मार्गाने घडते. शाब्ली सुमारे ४८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. द्राक्षे पिकताना त्यांतील मॅलिक आम्ल उष्णतेने झपाट्याने कमी होते. थंड प्रदेशात ते बरेचसे टिकून राहते. या वाइनच्या तरतरीचा पाया हाच होय. मात्र अशा थंड प्रदेशात द्राक्ष पुरेसे पिकणे हीच मोठी अडचण असते. म्हणून सूर्याकडे कललेला उतार मोलाचा ठरतो. जड, थंड हवा तळाशी साचत असल्याने वसंतातील गोठवणाऱ्या रात्री सखल मळ्यांना अधिक घातक होतात. चुनखडी जादा पाण्याचा निचरा करते, चिकणमाती काही पाणी राखून ठेवते. सारांश, दगड वाइनमध्ये उतरत नाही. तो वेलीचे पाणी नियमित करतो.

उरलेले कार्य मनुष्याच्या हातून होते. अटलांटिकजवळच्या म्यूस्कादेचे द्राक्ष मुळात फारसे सुगंधी नाही. म्हणून किण्वन संपल्यावर मृत किण्वपेशींच्या गाळावरच वाइन हिवाळाभर राहू देतात व तेथूनच बाटल्यांत भरतात. या रीतीस ‘स्युर ली’ म्हणतात. गाळामुळे वाइनला भरीवपणा येतो आणि ताजेपणाही टिकतो. जिवाणूंकरवी मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात होणारे रूपांतर म्यूस्कादेत सामान्यतः टाळले जाते, तर शाब्लीत ते बहुधा होऊ देतात. एवढे होऊनही शाब्ली तीक्ष्णच राहते, यावरून तिच्या मूळच्या आम्लतेची कल्पना यावी. सांसेरच्या काही मळ्यांत चकमकीचे दगड आहेत आणि तेथील वाइनला ‘ठिणगीचा वास’ येतो असे म्हणतात. तोमिनागा, द्युबुर्दियु व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली काही वाइनमधील अशा धुरकट गंधाचा संबंध बेन्झीनमिथेनथायॉल या संयुगाशी जोडला. हे गंधकयुक्त सेंद्रिय संयुग आहे. चकमकीचा अंश नव्हे.

शब्दाचा अर्थ कारण म्हणून घेतला की त्याचे व्यावहारिक परिणाम होतात. १९७० च्या दशकात शाब्लीच्या क्षेत्रविस्तारावरून उत्पादकांत दोन तट पडले. विल्यम फेव्र यांच्या पक्षाला किमरिजियन भूमी अत्यावश्यक वाटे. जां द्युरुप यांच्या पक्षाला शेजारची पोर्टलँडियन भूमीही योग्य वाटे. अखेरीस विस्ताराचा पक्ष प्रभावी ठरला. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत ‘शाब्ली’ हे नाव अनेक दशके कोणत्याही स्वस्त पांढऱ्या वाइनला लावले जाई. २००६ च्या करारानंतर असा नवा वापर थांबला. जुन्या मुद्रांना तेवढी सूट राहिली. एका बाजूने नाव खडकाला जखडले गेले, तर दुसऱ्या बाजूने ते भूमीपासून पूर्णपणे सुटले.

या दोहोंच्या मधली वाट भारतीय शब्दमीमांसेत सापडते. गंगेवरील गवळीवाडा असे म्हटले असता वाडा प्रवाहात नसून तीरावर आहे, हे ऐकणाऱ्यास उमगते. आणि तरीही त्या शब्दप्रयोगातून गंगेचा शीतलपणा व पावित्र्य सूचित होते. ‘खनिजता’ हा शब्दही असाच लाक्षणिक आहे. अभिधेने घेतला तर तो असत्य ठरतो. लक्षणेने घेतला तर मात्र थंड उतार, पाण्याचा निचरा, टिकून राहिलेले आम्ल आणि कृतीतील संयम या सर्वांचा एकत्रित परिणाम तो एका शब्दात सांगतो. तेव्हा रसिकाने हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. अभ्यासकाने मात्र त्याला पुरावा समजू नये.